खसरा नसलेले घर

महसूल खात्यात उभी हयात घालविलेल्या माणसापुढे कोणी घराचा विषय काढला, की त्याच्या डोळ्यांपुढे भिंती येत नाहीत. आधी जमीन येते. ती कोणत्या पटवारी हलक्यातील, तिचा खसरा क्रमांक काय, आबादीत मोडते की शेतीत, वडिलांच्या पश्चात नामांतरण झाले की तसेच राहिले, असे प्रश्न आपोआप उभे राहतात. छिंदवाडा, बैतूल आणि सिवनी या तीन जिल्ह्यांत मिळून आम्ही चौतीस वर्षे हेच केले आणि बासष्टाव्या वर्षी निवृत्त होऊन लोधीखेड्याच्या वडिलोपार्जित घरी परतलो. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत जी मराठी कुटुंबे सातपुड्याच्या या उतरणीवर आली आणि येथलीच झाली, त्यांपैकी आमचे एक. या पत्रिकेच्या बहुतेक वाचकांची कुळकथा याहून फारशी निराळी नसावी. आपण सारी मुळात हललेली माणसे. मात्र एकदा बसलो ते असे बसलो, की हलण्याची आठवणही उरली नाही.

म्हणूनच आमच्या कन्येने इंग्लंडमधून फोनवर "बाबा, मी घर घेतलं" असे सांगितले, तेव्हा आमचा पहिला प्रश्न जागेसंबंधीच होता. ती म्हणाली, "जागा नाही, पाणी आहे."

कन्या तेथे एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. वय चौतीस, अविवाहित. त्या देशात घराची सरासरी किंमत पावणेतीन लाख पौंडांच्या वर असल्याने पगारदार एकट्या माणसाला ते पेलणे कठीण; ही जुनी बोट तिला त्याच्या पाचव्या हिश्श्यात मिळाली, तीही कर्जाविना. आमच्याकडे गावाबाहेर पाच एकर संत्र्याची बाग आहे. तिच्यातील दोन एकर विकून मुलीच्या हाती विटांच्या घराची पहिली रक्कम ठेवावी, असे आम्ही उभयतांनी ठरवीत आणले होते. मात्र त्याआधी ते घर डोळ्यांनी पाहावे, आणि तेही हिवाळ्यात पाहावे, हा सौ.चा आग्रह. "उन्हाळ्यात काय, माणूस झाडाखालीही राहतो," असे तिचे म्हणणे. तेव्हा आंबिया बहाराची संत्री व्यापाऱ्याने उतरवून नेल्यावर, २०२३ च्या डिसेंबरच्या मध्याला आम्ही निघालो आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत त्या बोटीवर राहिलो.

नॅरोबोट हा शब्द आपल्या भागातील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील आपली नॅरोगेज गाडी २०१५ साली बंद झाली, तोवर तिच्या डब्यात समोरासमोर बसून गुडघ्याला गुडघे लावून सौंसर-रामाकोना आपण सर्वांनी केले आहे. तसा एक डबा मनात आणावा. त्याची लांबी ५७ फूट धरावी, रुंदी अवघी ६ फूट १० इंच, आणि चाकांच्या जागी पोलादी तळ देऊन तो पाण्यात सोडावा. आत शिरताच कोळशाची शेगडी, मग बैठक, मग स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचे मेज, न्हाणीघर, शेवटी पलंग आणि त्यामागे इंजिन. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला जाणार असेल तर मधल्याने भिंतीला पाठ लावून उभे राहावयाचे. पलंग आम्हा उभयतांना देऊन कन्या दहा आठवडे जेवणाचे मेज खाली पाडून त्यावर निजत होती.

ही चमत्कारिक रुंदी कोठून आली? आपल्याकडे नहर म्हटली की शेतीचे पाणी. तेथील कालवे खोदले गेले ते मालवाहतुकीसाठी. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्लीच्या आपल्या खाणींतून मँचेस्टरपर्यंत कालवा नेला आणि शहरात कोळसा स्वस्त झाला. मग साऱ्या मध्य इंग्लंडभर कालव्यांचे जाळे पसरले. चढ-उतारावर बोट वर-खाली नेण्यासाठी दोन्ही तोंडांना दरवाजे असलेले हौद बांधतात, त्यांना लॉक म्हणतात. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मध्य इंग्लंडमधील लॉक सात फूट रुंदीचे केले, म्हणून बोटही सात फुटांच्या आत. एका माणसाने अडीचशे वर्षांपूर्वी घेतलेले माप आज आमच्या मुलीच्या पलंगाची रुंदी ठरवते, हे आम्हाला तत्काळ पटले. बंदोबस्ताच्या वेळी जरीबवाल्याने ओढलेली रेघ पणतवाच्या भांडणापर्यंत कशी पोहोचते, ते आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

बोट उभी होती नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात, ग्रँड युनियन कालव्याला लागून खोदलेल्या एका तळ्यात. अशा तळ्याला मरीना म्हणतात. लाकडी फळ्यांचे अरुंद धक्के पाण्यात काढलेले आणि त्यांना दोहो बाजूंनी बोटी, बैलबाजारात दावणीला बैल बांधावेत तशा. बहुतेक मरीनांत बोट ठेवण्याची परवानगी मिळते, बारमाही राहण्याची मिळत नाही. राहण्याच्या थोड्या जागांपैकी एक कन्येला लाभली होती. ज्यांच्यापाशी असा कायमचा धक्का नाही, त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांहून अधिक सहसा थांबता येत नाही. कालव्यांचा कारभार २०१२ पासून एक धर्मादाय न्यास पाहतो. आम्ही कन्येला तिच्या परवान्याचे, विम्याचे आणि दर चार वर्षांनी होणाऱ्या सुरक्षा-तपासणीचे कागद दाखवावयास सांगितले. कागद चोख होते. फक्त जमिनीचा रकाना कोठेच नव्हता.

आता दिनचर्येकडे वळतो, कारण आम्ही पाहावयास गेलो होतो ती दिनचर्याच.

डिसेंबरात तेथे सकाळी सव्वाआठला उजाडते आणि चार वाजण्यापूर्वी मावळते. त्या एवढ्याशा उजेडात घराची सारी कामे उरकावी लागतात. पहिले काम शेगडीचे. रात्री निजताना तिच्यात कोळशाच्या गोट्या भरून खालची हवेची खिडकी जवळजवळ मिटावयाची; पहाटे दांडीने जाळी हलवून राख पाडली की आत लाल डोळा उघडतो, त्यावर चार गोट्या घातल्या की पुन्हा धग. आमच्या मातोश्री चुलीतील विस्तव राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी त्याच विस्तवावर चहा करीत. तीच विद्या ही मुलगी इंग्लंडात जाऊन, कोणी न शिकविता शिकली होती. शेगडीच्या माथ्यावर एक छोटा पंखा असतो. त्याला वीज लागत नाही, शेगडीच्या उष्णतेवरच तो फिरतो आणि ऊब मागच्या खोल्यांकडे ढकलतो. सौ. तासन्‌तास त्या पंख्याकडे पाहत बसे. तो मंदावला की कोळसा घालावयाची वेळ झाली.

कोळशाशी आमचा जुना परिचय. परासिया-जुन्नारदेवकडे पेंच-कन्हान खोऱ्यातला कोळसा सिगडीत घातला की ती आधी अंगणात धुमसू द्यावी लागे. धूर विरल्याशिवाय घरात आणावयाची सोय नसे. इंग्लंडने पिशव्यांतील साध्या दगडी कोळशाची घरगुती विक्री २०२१ साली आणि सुट्याची २०२३ साली बंद केली, त्यामुळे आता बिनधुराच्या गोट्या. थंडी वाढली की पंचवीस किलोंचे पोते अडीच-तीन दिवसांत संपते. पोती छपरावर रचून ठेवतात. निघालेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि ती बादली बाहेर. यात सवलत नाही: राख थंड दिसली तरी तिच्यातून विषारी वायू निघत राहतो.

दुसरे काम पाण्याचे. बोटीच्या नाकाडात चारशे लिटरांची टाकी. धक्क्यावरच्या नळाला लांब नळी जोडून ती भरावयाची. हिवाळ्यात हा नळ गोठतो, म्हणून हवामानाचा अंदाज ऐकून टाकी आदल्या दिवशी काठोकाठ भरून ठेवतात. नाही भरली, तर किटलीतील उकळते पाणी नळावर ओतत बसा. एका तिघांच्या घराला दिवसाला किती पाणी पुरते, हे तेथे आम्हाला लिटरमध्ये कळले. लोधीखेड्यात विहिरीवरून गुंड भरून आणीत तेव्हा ते घरच्या बायांना कळत असे. नळ आला आणि ते ज्ञान गेले.

तिसरे, ओल. इंग्रजी थंडीपेक्षा सौ.ला याचा राग अधिक. एवढ्याशा पोलादी नळकांड्यात तीन माणसांचा श्वास, तीन आंघोळी आणि आपला स्वयंपाक! कुकरच्या तीन शिट्या झाल्या की गोल खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ सुरू. त्यात फोडणी. पहिल्या दिवशी मोहरी-मिरचीची फोडणी पडली आणि छताची धुराची घंटा अशी किंचाळली की शेजारचा वृद्ध धावत धक्क्यावर आला. तेव्हापासून फोडणीच्या आधी घंटेवर न्हाणीघरातली प्लास्टिकची टोपी घालण्याचा सौ.चा विचार होता, तो कन्येने कठोरपणे हाणून पाडला. तोड निघाली ती अशी, की छताची झडप उघडायची, दार अर्धे उघडायचे, बाहेरच्या शून्य अंशाला आत घ्यायचे आणि मग फोडणी द्यायची. रोज सकाळी तिघांपैकी एकाने सर्व काचा, पत्र्याचे कोपरे आणि गादीची खालची बाजू फडक्याने पुसायची. तीन दिवस हयगय केली की काळी बुरशी. जाता जाता एक गोष्ट: स्वयंपाकाचा गॅस तेथे हिवाळ्यात निव्वळ प्रोपेन वापरतात, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूपच होत नाही. आपल्या १४.२ किलोंच्या सिलिंडरमध्ये दोहोंचे मिश्रण असते. ते त्या थंडीत पूर्ण क्षमतेने चालले नसते.

चौथे काम सांगावे की न सांगावे असे झाले होते. पण ते गाळले तर वर्णन खोटे ठरेल. बोटीच्या शौचकूपाखाली सुमारे वीस लिटरांची एक बंद पेटी असते. ती भरली की ओढून काढावयाची, छोट्या ढकलगाडीवर ठेवून मरीनाच्या कोपऱ्यातील ठरलेल्या जागी न्यावयाची, रिकामी करून धुऊन पुन्हा बसवावयाची. माणसे तीन झाल्यापासून दर दुसऱ्या दिवशी हा प्रवास होऊ लागला. आमची मुलगी रात्रपाळी करून येई आणि दप्तर ठेवून पेटी ओढी. सौ.ने पदर तोंडाला लावला. आम्ही १९८६ साली नोकरीत लागलो तेव्हा तालुक्याच्या गावांतील कितीतरी घरांत टोपलीचे संडास होते आणि पहाटे मागच्या गल्लीने ते डोक्यावर वाहून नेणारी माणसे होती. त्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली आला, अधिक कडक दुसरा २०१३ साली आला. दोन्ही वेळच्या याद्या आमच्या टेबलावरून गेल्या. त्या याद्यांत नावे असत, एका विशिष्ट वस्तीतील असत, आणि ती वाचताना जो पेच मनात पडे त्याला फायलीत जागा नसे. येथे वकील असो, नर्स असो की पेन्शनर, आपापली पेटी आपापल्या हातांनी ढकलत नेतो, वाटेत एकमेकांना शुभप्रभात म्हणतो. चौथ्या दिवसापासून ती गाडी आम्ही ढकलू लागलो. कन्या "बाबा, राहू द्या" म्हणाली, पण फार जोराने म्हणाली नाही.

एका रविवारी तिने आम्हाला ब्राउनस्टन गावी नेले. तेथे ऑक्सफर्ड कालवा ग्रँड युनियनला मिळतो, आणि टेकडीवरच्या चर्चला लोक कालव्यांचे कॅथेड्रल म्हणतात. आवारात बोटवाल्या कुटुंबांच्या कबरी आहेत. रेल्वेच्या स्पर्धेत भाडे पडले तेव्हा एकोणिसाव्या शतकातील बोटवाल्यांनी काठावरची घरे सोडून बायकामुले बोटीवर आणली. बोट मालाने भरलेली. कुटुंबाला मागची दहा फूट लांबीची कोठडी. आई-बाप आणि पाच-सहा मुले तेवढ्यात. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने त्यासाठी चळवळ केली आणि १८७७ साली पार्लमेंटाने बोटींची नोंदणी व आत राहणाऱ्यांच्या संख्येची मर्यादा बांधणारा कायदा केला. पण बोट आज येथे, उद्या तेथे. मुलांना शाळा कोठली मिळणार? पिढ्यान्‌पिढ्या माणसे निरक्षर राहिली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवड्यांमागून आठवडे गोठून राहिले, माल रस्त्याने जाऊ लागला तो परतलाच नाही, आणि १९६३ साली सरकारी जलमार्ग मंडळाने नॅरोबोटींवरची आपली बहुतेक वाहतूक आवरती घेतली. आज ज्या बोटींवर हौशी आणि गरजू दोन्ही प्रकारचे लोक राहतात, त्या त्या संसारांच्या सांगाड्यावर उभ्या आहेत.

त्या कबरी पाहताना आम्हाला गाडीलोहार आठवले. दर हिवाळ्यात गावाबाहेर त्यांची पाले पडत. एकदा एका म्हाताऱ्या लोहाराचा अर्ज आमच्यापुढे आला. पत्त्याच्या रकान्यात लिहिणाऱ्याने नुसते "गाडी" असे लिहिले होते. कारकुनाने तो अपूर्ण म्हणून परत केला आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. आमच्या मुलीच्या पत्त्यात आता बोटीचे नाव, धक्क्याचा क्रमांक आणि मरीना एवढेच आहे; पण त्यावर तिला पत्र येते, बँक चालते, डॉक्टरकडे नाव लागते. एका भटक्याला पत्ता मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, यामागे कातडीचा रंग किंवा देश एवढेच नसून पगारपत्रक असते, असे आमचे मत झाले. कन्येला ते पटले नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे तेथेही धक्का नसलेल्या बोटवाल्यांना पत्त्यासाठी दारोदार फिरावे लागते.

नाताळानंतर हवामानाने रंग दाखविण्यास सुरुवात केली. २ जानेवारी २०२४ ला हेंक नावाचे वादळ आले, मध्य इंग्लंडातील नद्या फुगल्या, नेन नदीकाठच्या काही वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. सौ.ने देवापुढे जामसांवळीच्या मारुतीचे नाव घेऊन दिवा लावला. कालव्यावर मात्र विशेष काही झाले नाही. त्याचे जास्तीचे पाणी सांडव्यांवरून निघून जाते. मुलगी दोनदा बाहेर जाऊन दोर सैल करून आली, एवढेच. ताणलेला दोर चढत्या पाण्यात बोटीला एका अंगावर कलवतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

मग दोन आठवड्यांनी थंडी पडली. १५ जानेवारीला मकरसंक्रांत होती आणि त्याच आठवड्यात मरीनावर बर्फाची साय धरली. पहाटे बोट किंचित हलली की चहूबाजूंनी काच तडकल्यासारखा आवाज होई. बदके पाण्यावरून चालत होती आणि त्यांना स्वतःलाच त्याचे नवल वाटत असावे. अशा वेळी कोणी बोट हाकीत नाही. फुटलेल्या बर्फाची धार आपल्या आणि शेजाऱ्याच्या बोटीचा डांबरी लेप पाण्याच्या रेषेवर खरवडून काढते. सौ.ने घरून आणलेल्या तिळांचे लाडू केले आणि आम्ही उभयता धक्क्याधक्क्याने वाटत गेलो. दुसऱ्याच्या बोटीवर न विचारता पाय ठेवावयाचा नाही, छपरावर टिचकी मारावयाची, हा तेथील रिवाज. पाय पडताच बोट डुलते आणि आतल्या माणसाला अंगणात कोणी आल्याचे कळते. गोड बोला, हे त्यांना कसे समजवावे हा प्रश्न होता. शेजारच्या वृद्धाने, जो पूर्वी ट्रक चालवीत असे, लाडू दाताखाली धरून पाहिला आणि त्याबद्दल अर्धे पोते कोळसा आमच्या छपरावर ठेवून गेला. हळदीकुंकवाला सहा बायका आल्या. सात फुटांच्या खोलीत सहा परदेशी बायका, आमची सौ. आणि कन्या, पुरुषांनी थंडीत बाहेर उभे राहावे लागले. सौ.चे इंग्रजी यथातथाच, तरी तिने त्या दिवशी कोणाचा नवरा गेला, कोणाचे घर घटस्फोटात गेले, कोणाला पेन्शन पुरत नाही म्हणून पाण्यावर यावे लागले, हे सर्व काढून घेतले. रात्री ती म्हणाली, "इथं हौसेनं आलेली एकच दिसते, आपली." मग थोड्या वेळाने, "किंवा तीही नसेल."

२१ जानेवारीच्या रात्री ईशा नावाचे वादळ आले. दोर करकरत होते, चिमणी शीळ घालत होती. रात्री अडीचच्या सुमारास दुसरी एक घंटा वाजली, फोडणीची नव्हे. कन्या एका उडीत उठली, पुढचे-मागचे दोन्ही दरवाजे उघडले आणि आम्हा दोघांना रजयांसकट धक्क्यावर काढले. वाऱ्याने चिमणीतून उलट मुसंडी मारून शेगडीचा वायू आत ढकलला होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे बंद खोलीत सिगडी ठेवून निजलेले कुटुंब सकाळी उठले नाही, ही बातमी हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतेच. परासियाला असताना अशा एका पंचनाम्यावर आमची सही आहे. शेजारच्या वृद्धाने आम्हाला आपल्या बोटीत घेतले. तेथे पहाटेपर्यंत आम्ही चौघे चहा पीत बसलो होतो आणि कोणी फार बोलत नव्हते.

सकाळी सौ. म्हणाली, "बाई, ही बोट विकून टाक. बाबा दोन एकर काढतात."

दहा आठवड्यांच्या मुक्कामातला हा मूळ विषय अशा रीतीने निघाला. कन्या राख काढीत होती. ती म्हणाली, "आई, आपल्या माजघरात नाग निघाला होता, तेव्हा घर विकलं का?"

"नाग एकदा निघतो. शेगडी रोज आहे."

"म्हणून तर घंटा आहे. वाजली ना?"

मग तिने आम्हाला उद्देशून हिशेब मांडला. बाग विकून पहिली रक्कम भरली तरी उरलेले कर्ज पंचवीस वर्षांचे. त्यासाठी आणखी पाळ्या घ्याव्या लागतील. "आज माझ्यावर एका पैशाचं कर्ज नाही, बाबा. रविवारी मी झोपते." यावर महसूल अधिकारी काय बोलणार? कर्जापायी सातबारा काय आणि खसरा काय, कसे हातचे जातात हे त्यानेच जन्मभर पाहिलेले. पण सौ.चा प्रश्न कर्जाचा नव्हताच. तिने सरळ विचारले, "आणि परत यायचं झालं तर?"

कन्येने शेगडीत गोट्या घातल्या, दार लावले, हात पुसले. "यायचं झालं तर बागेतच येईन ना. ती विकली तर कुठं येऊ?"

हे उत्तर होते की टाळाटाळ, याचा निर्णय आमच्या घरात अद्याप झालेला नाही. सौ.च्या मते टाळाटाळ. आमच्या मते मुलीने त्या वेळी जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. त्याच दिवशी शेजाऱ्याने चिमणीवर वारा उलटा शिरू न देणारी टोपी बसवून दिली, आणि पलंगाच्या उशाशी वायूची दुसरी घंटा लागली. ती सौ.ने आपल्या पैशांनी, मुलीने नको म्हणत असताना घेतली. उरलेले पाच आठवडे ती रात्री दोनदा उठून तिचा हिरवा दिवा पाहत असे.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही परतलो तेव्हा बागेत मृग बहाराची फळे पिवळी पडू लागली होती. दोन एकर विकले नाहीत. पावसाळा लागल्यावर वाळलेल्या झाडांच्या खाचा भरण्यासाठी जांभेरीच्या खुंटावर डोळा भरलेली साठ कलमे आणून लावली. त्यांतली अकरा गेली, बाकीची धरली आहेत. त्यांना फळ यावयास पाच-सहा वर्षे लागतील. कन्येला त्यांची छायाचित्रे पाठविली, तिने उलट बोटीचा तळ पाण्याबाहेर काढून डांबराचा नवा लेप दिल्याची छायाचित्रे पाठविली. हे काम दोन-तीन वर्षांनी करावेच लागते. गळतीचा घरदुरुस्तीशी संबंध तेथेही सुटलेला नाही.

हिवाळ्यात तिच्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्या वेळी फोन येतो. आम्ही तिला प्रकृती विचारतो, नोकरी विचारतो. सौ. आधी विचारते, "राख बाहेर ठेवली का?"